बसतो म्हणजे चालतो असं नाही

माइक मागपर्यंत येतोय ना? बरं. मला अर्धा तास दिलाय आणि तेवढ्यात मी प्रोसेसर कसा निवडायचा, कसा बसवायचा, कुठे थांबायचं हे सगळं सांगणार असं पत्रिकेत छापलंय. छापणाऱ्याने मला कधी बोलताना ऐकलेलं नसावं.

तर विषय ब्रँडेड डेस्कटॉपचा, असेंबल्डचा नाही. ऑफिसच्या लीजवरून सुटलेला काळा डबा, इथल्या निम्म्या लोकांच्या घरी असेल. मरत नाही, फक्त रांगतो. मग कोणीतरी म्हणतं, अहो प्रोसेसर बदला की, हजार-दोन हजारात काम.

आमच्या शेजारी एक काका टॅक्सची कामं करतात. त्यांच्याकडे असाच एक डबा, आत इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर, दोन कोअर म्हणजे दोन मेंदू, आणि चिपसेट, म्हणजे मदरबोर्डचा कारभार बघणारी चिप, क्यू६७. काका गेले दुकानात. दुकानाचं नाव नाही सांगत, मला अजून तिथूनच केबली घ्याव्या लागतात. दुकानदाराने बघितलं, सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, ११५५, म्हणाला तिसऱ्या जनरेशनचा आय५-३४७० टाकू, चार कोअर, रॉकेट होईल. प्रोसेसर अगदी छान बसला, खटका लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळी. रॅम पुसून झाली, बॅटरी काढून झाली, शेवटी निकाल लागला, "काका, मदरबोर्ड गेला." काका म्हणाले, "अरे सकाळी त्याच्यावर दोन रिटर्न भरून आलोय!" तर म्हणे जुना माल आहे, हात लावला की जातो, नवीन सेटच घ्या, आणि कोटेशन पण हातात. काकांनी हट्ट धरला की माझा जुना प्रोसेसर परत लाव. लावला. चालू! आता दुकानदाराने काय म्हणावं? "बघा, केला ना दुरुस्त." आणि लेबर चार्ज घेतला!! हसताय तुम्ही, काका अजून हसलेले नाहीत.

आता यात बोर्डाचा काहीच दोष नव्हता. ११५५ सॉकेट दुसऱ्या (काकांचा आय३ त्यातलाच) आणि तिसऱ्या जनरेशनला एकच आहे हे खरं, पण क्यू६७ आला २०११ मध्ये आणि तिसरी जनरेशन, म्हणजे आयव्ही ब्रिज, आली २०१२ मध्ये. एच६१, पी६७ वाल्या बऱ्याच सुट्ट्या बोर्डांना बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारा बोर्डातला प्रोग्राम, अपडेट करून ती चालली, पण ऑफिसवाल्या क्यू६७, क्यू६५, बी६५ या चिपसेटना इंटेलने तो सपोर्ट दिलाच नाही. बायॉसला प्रोसेसरची ओळखच नसेल तर तो चालू कुठून करणार? ब्रँडेडमध्ये बायॉस कंपनीच्या ताब्यात असतो, त्यामुळे सॉकेट बघू नका, त्या मॉडेलच्या कागदपत्रांत कंपनीने कुठले कुठले प्रोसेसर घालून तो विकला ते बघा. त्यातला वरचा घ्या, झालं. माझं एवढंच म्हणणं आहे आणि एवढ्यासाठीच मी आलोय. पुढच्या सॉकेटमध्ये पण हीच गंमत, ११५१ मध्ये सहावी-सातवी एका बाजूला आणि आठवी-नववी दुसऱ्या बाजूला, पिना तेवढ्याच, तरी एकमेकांत चालत नाहीत. आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी के बघून हुरळू नका, के असतो ओव्हरक्लॉकसाठी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला, आणि क्यू६७ वर ते होत नाही, के चे पैसे वाया.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. हो हो, आवरतो.

उष्णता. काकांचा आय३ ६५ वॅटचा, त्याच बोर्डावर चालणारे आय५-२४०० आणि आय७-२६०० दोन्ही ९५ वॅटचे. छोट्या डब्यात ६५ वाला हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, असेल तर तोही बदला, नाहीतर नावाच्या शेवटी एस वाला घ्या, २६००एस ६५ वॅटमध्ये येतो, स्पीड जरा कमी. काकांना शेवटी २४०० आणि भंगारातून त्याच मॉडेलचा मोठा हीटसिंक मिळाला, मस्त चाललंय.

बसवताना, आधी बायॉस अपडेट, तेही जुना प्रोसेसर आत असतानाच. मशीन दहा मिनिटं चालवून मग बंद करा, वायर काढा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट मऊ झालेली असते, हीटसिंक ओढाताण न करता सुटतो. सॉकेटमधल्या पिनांना बोट, कापड, फुंकर काही नको, एक वाकली तरी बोर्ड खरंच गेला. त्रिकोणाला त्रिकोण जुळवा, पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, स्क्रू तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा.

अजून हार्ड डिस्कवरच असाल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, टाका, बऱ्याच जणांना मग प्रोसेसरची आठवणच येत नाही. आणि विंडोज ११ साठी हे करत असाल तर राहू दे, त्याला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काकांचं तर टॅक्सचं काम, सगळं नेटवर, म्हणून त्यांच्या डब्यात मी लिनक्स घालून दिलंय, त्याची वेगळी रामकहाणी आहे पण हे आता माइक काढून घेतायत.