एवढ्या फुलदाण्या होत्या का?

मित्रहो, २००३ साली मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी यायची, ती मराठीत उतरवायची, मथळा द्यायचा, पान सोडायचं. अमेरिकेने त्या मार्चमध्ये सुरू केलेलं इराकचं युद्ध मी ऑफिसातल्या टीव्हीवर पाहिलं, तेव्हा शौर्याची गोष्ट माझ्याकडे नाही. पण भाषांतर करणाऱ्याचं एक असतं. प्रत्येक शब्द त्याच्या हाताखालून जातो, आणि मार्चमध्ये कोण काय बोललं ते त्याला जुलैमध्ये आठवतं.

२३ मार्चला इराकमधल्या नासिरिया शहरात अमेरिकी लष्कराची एक देखभाल-दुरुस्तीची तुकडी रस्ता चुकून इराकी सैन्याच्या तावडीत सापडली. पकडलेल्या सैनिकांना इराकी टीव्हीने कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारले. ‘अल जझीरा’ या अरबी वृत्तवाहिनीने ती दृश्यं दाखवली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड त्याच दिवशी म्हणाले, हा जिनिव्हा कराराचा भंग आहे. मुद्दा खरा होता. तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या तेराव्या कलमात लिहिलंच आहे, की युद्धकैद्यांना अपमानापासून आणि बघ्यांच्या कुतूहलापासून जपलं पाहिजे. आम्ही बातमी ठळक लावली. आणि त्याच पानावर, तिच्या खाली, मी फोटो लावला होता: गुडघ्यांवर बसवलेले, हात मागे बांधलेले इराकी कैदी. असे फोटो तेव्हा रोज ढिगाने यायचे, कारण अमेरिकी फौजांनी शेकडो पत्रकार स्वतःच बरोबर नेले होते. त्या रात्री ते कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सरकारला ऐकवायला सोपं असतं. आम्ही तर ते एका पानात मांडून दाखवलं होतं.

मग २२ जुलैला मोसुलमध्ये इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनचे दोन्ही मुलगे, उदय आणि कुसै, मारले गेले. दोन दिवसांनी त्यांच्या मृतदेहांचे फोटो खुद्द अमेरिकेने प्रसिद्ध केले. कारण असं दिलं, की ते मेले यावर इराकी जनतेचा विश्वास बसायला हवा. कारण अगदीच पोकळ नव्हतं. पण इराकी टीव्हीकडे काय कारण नव्हतं? कारण सगळ्यांकडेच असतं हो!

डिसेंबरात सद्दामच सापडला, जिवंत. म्हणजे कैदी. पुढच्याच महिन्यात पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, त्याला युद्धकैद्याचा दर्जाही दिला. पण त्याआधी जगाने काय पाहिलं? डॉक्टर त्याच्या पिंजारलेल्या केसांत हात घालून बघतोय, तोंड उघडायला लावून आत उजेड टाकतोय. आपल्याकडे बैलबाजारात गिऱ्हाईक दात बघतं, तसं. हे मीच म्हणतोय असं नाही. व्हॅटिकनचे कार्डिनल मार्टिनो तेव्हा साधारण हेच म्हणाले होते. सद्दामबद्दल कळवळा वाटावा असं त्याने काहीच केलेलं नव्हतं. पण तेरावं कलम फक्त सज्जनांसाठी लिहिलेलं नाही. चित्रफीत अमेरिकी सरकारची, म्हणून या वेळी त्यांना कलमाचा भंग दिसला नाही.

इराकच्या माहितीमंत्र्याबद्दल मी बोलत नाही. रणगाडे शहरात शिरले तरी तो नाकारत राहिला, जग त्याला हसलं, विषय संपला. त्याच्या थापेला पुरावा म्हणून जगातल्या नामांकित वर्तमानपत्राचं पहिलं पान मिळत नव्हतं.

ते अमेरिकी सरकारला मिळालं, त्यांचं बघा. ८ सप्टेंबर २००२, रविवार, म्हणजे युद्धाच्या आधी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी, की इराकने अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवायचा प्रयत्न केला आणि त्या अणुबॉम्बसाठी असाव्यात. सूत्रं सरकारी, नावं नाहीत. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर मुलाखतीला बसले आणि दाखला कुणाचा दिला? आजच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा! सरकारनेच कानात सांगायचं, पेपराने छापायचं, आणि सरकारने सांगायचं, बघा, पेपरसुद्धा म्हणतोय. नळ्या तोफखान्याच्या रॉकेटसाठी होत्या, हे पुढे निघालं. मे २००४ मध्ये त्या पेपराने आपल्या अशा बातम्यांबद्दल वाचकांपुढे चूक कबूल केली, उशिरा का होईना.

पुढे याच सरकारची तक्रार सुरू झाली, की पत्रकार इराकमधलं चांगलं काही दाखवतच नाहीत. २००५ च्या नोव्हेंबरात बाहेर आलं, की अमेरिकी लष्कर एका कंत्राटदारामार्फत इराकी वर्तमानपत्रांना पैसे देऊन चांगल्या बातम्या छापून घेतंय. लिहिणारे लष्कराचे, पण वाचकाला ते कळू द्यायचं नाही. स्वतंत्र पत्रकारिता म्हणजे काय, याचं प्रशिक्षण इराकी पत्रकारांना अमेरिकेच्याच पैशांतून दिलं जात होतं, तेही याच काळात.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती ११ एप्रिल २००३ ची पत्रकार परिषद. बगदाद लुटलं जात होतं. रम्सफेल्ड वैतागून म्हणाले, टीव्हीवर तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा, कुणीतरी कुठल्याशा इमारतीतून फुलदाणी घेऊन बाहेर पडतोय. वीस वेळा बघितलं की वाटतं, बापरे, एवढ्या फुलदाण्या होत्या का या देशात? खोलीत हशा पिकला. म्हणजे हसले ते पत्रकारच.

त्याच दोन-तीन दिवसांत बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात होतं. पंधरा हजारांच्या आसपास वस्तू गेल्या. त्यांत उरुक या प्राचीन शहरातल्या देवळातला, पाच हजार वर्षांपूर्वीचा एक उंच दगडी कलश होता, देवीला नैवेद्य घेऊन जाणाऱ्या माणसांच्या रांगा कोरलेला. इंग्रजीत त्याला ‘वार्का व्हाज’ म्हणतात. व्हाज, म्हणजे फुलदाणीच. चोरांनी तो बैठकीपासून तोडून नेला होता. जूनमध्ये तिघं जण एका मोटारीतून तो परत घेऊन आले, तुकड्यांत. आम्ही ती बातमी आतल्या पानावर लावली, एका कॉलमात.