चिखलासाठी शिवलेला बूट

[दृश्य : जुनं लाकडी बाक. त्यावर गुडघ्यापर्यंत येणारा काळा बूट, शेजारी ब्रश, पॉलिशची डबी आणि एक हाड.]

हे हाड हरणाच्या पायाच्या नळीचं आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. याचं काम एकच, बुटावरचे ओरखडे बुजवणं. इंग्लंडमध्ये घोड्यावरून कोल्ह्याची शिकार करणाऱ्या घराण्यांत बुटांसाठी वेगळी खोली असे आणि त्या खोलीत असं एखादं हाड हमखास सापडे.

[दृश्य : लेस्टरशायरची कुरणं, झुडपांची कुंपणं, नांगरलेली ओली जमीन.]

मेल्टन मोब्रे. लेस्टरशायरमधलं हे बाजारपेठेचं गाव. क्वॉर्न, बीव्हर (Belvoir) आणि कॉट्समोर या तीन नामांकित हंटांच्या, म्हणजे शिकारी मंडळांच्या, हद्दी याच्या आसपास येऊन मिळतात. हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा, म्हणजे ऐन थंडीपावसाचा. घोडा काटेरी कुंपणावरून उडी मारतो, पलीकडे चर असतो, चरात पाणी. स्वाराची नडगी काट्यांतून खरवडत जाते, पोटरी खोगिराच्या पट्ट्यांवर घासते, घोड्याचा खारट घाम कातड्यात मुरतो. पाच-सहा तास हेच चालतं. फोटोत हा बूट मोठा नखरेल दिसतो, पण त्याची घडण या सगळ्याला तोंड देण्यासाठी झालेली आहे.

शिकारीबद्दलही सांगायला हवं. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या कळपाकरवी कोल्ह्याची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. झालं ते बरंच झालं, असं माझं मत. आता हंट निघतात ते आधीच ओढून ठेवलेल्या वासाच्या मागावर. तीही पळवाट असल्याचा विरोधकांचा आरोप आहे आणि तो वाद अजून धुमसतो आहे. बूट मात्र तेच आहेत.

[दृश्य : दोन बूट शेजारी शेजारी. एक सबंध काळा. दुसऱ्याला वर तपकिरी पट्टा.]

तपकिरी पट्टा असलेल्याला टॉप बूट म्हणतात. अठराव्या शतकात स्वार उंच बुटाची वरची कड खाली दुमडत. त्यामुळे आतली काळी न केलेली बाजू बाहेर दिसे. पुढे दुमडणं गेलं आणि वेगळा शिवलेला पट्टा राहिला. लाल कोट आणि पांढरी ब्रीचेस, म्हणजे स्वाराची गुडघ्याखाली घट्ट बसणारी विजार, असेल तर हा पट्टेवाला बूट, काळ्या कोटावर सहसा साधा काळा. बायकांच्या टॉप बुटाला पट्टाही काळाच, चकचकीत पेटंट लेदरचा. वरच्या बाजूला एक बारीकसा चामडी पट्टा बांधतात, त्याचा रंग ब्रीचेसशी जुळलाच पाहिजे. या नियमांवरून तिथे माणसं अजून नाकं मुरडतात. ते त्यांचं त्यांनी बघावं. आपण कातड्याकडे वळू.

[दृश्य : कातड्याचा तुकडा अगदी जवळून. कारागिराचा अंगठा त्यावरून फिरतो.]

जुन्या शिकारी बुटाचं खरं कातडं म्हणजे वॅक्स काफ. वासराचं कातडं, पण उलटं लावलेलं. केसांची गुळगुळीत बाजू आत आणि मांसाकडची बाजू बाहेर. या बाहेरच्या बाजूत चरबी, मेण आणि काजळी घोटून घोटून भरत. त्यामुळे वर मेणाचा जाड थर बसे आणि पाणी सहजी आत शिरत नसे. काट्याने ओरखडा पडला, तरी बहुतेक वेळा तो या मेणातच पडे. वरून हाड दाबून फिरवलं की मेण सरकून चर भरून निघे. आजचे बहुतेक बूट बॉक्स काफचे असतात, म्हणजे गुळगुळीत बाजू बाहेर. दिसायला ते सुबक असतात, पण त्यांचा वरचा पापुद्रा एकदा फाटला की फाटला. वॅक्स काफ आता फार दुर्मीळ झालंय.

तळाचं कातडं वेगळं. डेव्हन परगण्यात कॉलिटन गावी एक जुनी टॅनरी आहे. तिथे ओकच्या सालीच्या पाण्यात कातडं कमावतात. तळाच्या जाड कातड्याला त्यात वर्षाहून जास्त काळ लागतो. आपल्याकडे कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याच जातीचं हे काम.

[दृश्य : खुर्चीवर बसलेला माणूस, कारागीर पोटरीभोवती टेप गुंडाळतो.]

माप घ्यायचं दुपारनंतर, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि ब्रीचेस घालूनच. उंची मोजायची गुडघा दुमडून, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत. नवा बूट तिथे थोडा टोचायलाच हवा. घोट्यापाशी घड्या पडल्या की बूट दोन-तीन सेंटीमीटर खाली बसतो. पहिल्या दिवशी अगदी बेताचा वाटणारा बूट महिन्याभरात आखूड होतो, आणि आखूड शिकारी बुटासारखं केविलवाणं दुसरं काही नाही.

याला चेन नसते. आत दोन फासे शिवलेले असतात, त्यांत लोखंडी आकडे अडकवून बूट ओढून चढवायचा. घोट्यापाशी तो अडला पाहिजे, जरा झटापट झाली पाहिजे. सुळकन पाय आत गेला तर तो बूट तुमचा नाही. तळ गुळगुळीत चामड्याचाच घ्यावा. स्वार पडला तर पाय रिकिबीतून लगेच सुटायला हवा, आणि खोल खाचांचा रबरी तळ तिथे अडकू शकतो. टाच मात्र हवीच, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाईल.

मला विचाराल तर जुना बूट घ्यावा, साच्यासकट. हे लाकडी साचे तीन-चार तुकड्यांचे असतात. पुढचे-मागचे तुकडे आत सरकवायचे आणि मधे पाचर ठोकायची. साचा त्याच बुटाच्या मापाने घडवलेला असेल, तर मालकाने बूट जपला असण्याची शक्यता मोठी. घोट्यावरची घडी हलकेच वाकवून बघा. कुरकुर आवाज आला किंवा बारीक भेगा दिसल्या, तर कातडं मेलेलं आहे, कितीही तेल पाजा. तळ बदलता येतो, टाच बदलता येते, घोट्यावरची भेग मात्र कुणी बुजवू शकत नाही. आणि पोटरी मोजून घ्या. जुन्या स्वारांच्या पोटऱ्या आजच्या मानाने बारीक असायच्या.

[दृश्य : चिखलाने माखलेला बूट, बादली, स्पंज.]

शिकारीहून परतल्यावर पहिली गोष्ट, चिखल बुटावर वाळू द्यायचा नाही. गार पाणी आणि स्पंज. गरम पाणी मेण उतरवतं. घोड्याचा घाम नीट धुवायचा, नाहीतर त्यातलं मीठ कातडं कडक करतं. मग आत वर्तमानपत्राचे बोळे, ते ओले झाले की बदलायचे. बूट थोडा दमट असतानाच साचा चढवायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. शेकोटीजवळ एक रात्र ठेवलेला बूट सकाळी पापडासारखा होतो.

[दृश्य : हात, हाड, मेणाचा थर. आवाज फक्त घासण्याचा.]

वाळल्यावर पॉलिशचा जाड थर द्यायचा. मग हाड. दोन्ही हातांनी धरून, अंगाचा भार देऊन, लांब लांब फेऱ्या. आधी थर फिसकटतो, काळे डाग दिसतात, सगळं बिघडलं असं वाटतं. थोड्या वेळाने मेण ऊब धरतं आणि ओरखडा हळूहळू बुजत जातो. मग ब्रश, मग फडकं. पोटरीच्या आतल्या बाजूला पॉलिश कमीच ठेवायचं, नाहीतर ते खोगिराला लागतं आणि पकडही सुटते. हे सगळं दोन्ही बुटांना, प्रत्येक शिकारीनंतर. मालक तेव्हा गरम पाण्यात पाय सोडून बसलेला असे. घासणारा नोकर असे.

तेव्हाचं काळं पॉलिश कशाचं होतं? हाडांचा कोळसा, काकवी, व्हिनेगर, थोडं तेल, थोडं गंधकाम्ल. लंडनमध्ये त्याचे मोठे कारखाने होते. थेम्सकाठच्या वॉरेनच्या कारखान्यात १८२४ साली बारा वर्षांचा एक पोरगा या पॉलिशच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असे. त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात होते. चार्ल्स डिकन्स त्याचं नाव.

[दृश्य : निलगिरीचे माळ.]

हे बूट इंग्रज अंमलदारांबरोबर हिंदुस्तानातही आले. उटीच्या माळांवर लाल कोट घालून शिकार चाले. इंग्लंडमधला लाल कोल्हा या माळांवर नव्हता, म्हणून कुत्री आपल्या सोनेरी कोल्ह्याच्या मागे सोडत.

आज मुंबई-पुण्यात घोडेस्वारी करणाऱ्यांकडे चामड्याचे उंच बूट असतात. त्यांना चिखलापेक्षा श्रावणाचा त्रास जास्त. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बुटावर आठवड्यात पांढरी बुरशी धरते. बुरशी घरात झटकू नका. गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग सॅडल सोपचा, म्हणजे चामड्याच्या साबणाचा, हलका हात द्या, पंख्याखाली वाळवा आणि साचा घालून सुती पिशवीत उभे ठेवा. मेणाचा पांढुरका थरही कधीकधी असाच दिसतो. त्याची खूण सोपी आहे. हेअर ड्रायरची हलकी ऊब लांबून दाखवली की मेण विरघळून दिसेनासं होतं, बुरशी तशीच राहते.