आकडा सांगून जायचं

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी लालबागच्या एका गल्लीत खांद्यावर दहा किलो तांदळाचं पोतं घेऊन धावत होते. दूधवाले थांबून बघत होते. वरच्या गॅलरीतून कुणीतरी "काकू, चला चला!" म्हणून ओरडत होतं. आणि गल्लीच्या टोकाला, आमच्या जिमच्या दारात, माझे जोडीदार अण्णा बैठका मारत माझी वाट बघत होते. त्या पंचवीस मिनिटांबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आमची जिम म्हणजे मूळची व्यायामशाळा. गिरणगावात अशा पुष्कळ होत्या. कोनाड्यातला मारुती अजून आहे, शनिवारी त्याला रुईच्या पानांची माळ पडते. खाली मात्र आता मातीऐवजी काळ्या रबराच्या मॅट आहेत. मी तिथे तीन वर्षांपूर्वी जायला लागले. आईचं आजारपण संपलं होतं, आई बरी झाली होती, आणि माझीच पाठ धरली होती. अण्णा आमच्याच चाळीतले, साठी ओलांडलेले. तरुणपणी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी वॉचमनपासून भाजीच्या गाडीपर्यंत सगळं केलं. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून ते पुन्हा या हॉलमध्ये आले, चाळीसएक वर्षांनी.

दिवाळीनंतर एक दिवस आमच्या सरांनी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि अमेरिकेतल्या एका व्यायामाची गोष्ट सांगितली. ६ ऑगस्ट २०११ ला अफगाणिस्तानातल्या वर्दक प्रांतात अमेरिकेचं एक चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं. त्यात तीस अमेरिकन जवान आणि त्यांचा एक लष्करी कुत्रा गेला. त्यांच्या आठवणीत तिथल्या जिममधून जोडीनं करायचा एक व्यायाम सुरू झाला आणि त्यातून शहिदांच्या कुटुंबांसाठी पैसे उभे राहू लागले. वेळ एकतीस मिनिटं, कारण गेलेले एकतीस. तारीखही त्यातच गुंफलेली. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणून आठ वेळा वजन डोक्यावर उचलायचं, सहा वेळा दोर चढायचा, अकरा उड्या खोक्यावर. हे एकानं करायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं वाळूची पिशवी घेऊन चारशे मीटर धावून यायचं. तो आला की कामं बदलायची, आणि पहिला जिथे थांबला असेल तिथून दुसऱ्यानं पुढे न्यायचं.

त्याच हेलिकॉप्टरमध्ये सात अफगाण सैनिक आणि एक दुभाषाही गेला होता. ते एकतीसमध्ये नाहीत. हे ऐकून मला वाईट वाटलं आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग आपण करू तेव्हा आपला आकडा नीट निवडू."

आणि त्यांनी आकडा मला विचारला.

श्रोतेहो, लालबागपासून परळचं टाटा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्या दुःखातून उभं राहिलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. विदर्भ, मराठवाडा तर सोडाच, बंगाल, बिहार, आसामपासून माणसं तिथे येतात. माझ्या आईला तिथे लाइट घ्यायचे होते. रेडिएशनला पेशंट लोक लाइटच म्हणतात. आईचे पंचवीस होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे पाच आठवडे. एकेक लाइट काही मिनिटांचाच असतो, त्यासाठी कुणी दाखल करून घेत नाही. आम्ही घरी येत होतो. पण जो वाशिमहून किंवा बंगालातल्या मालद्याहून आलाय त्यानं या पाच आठवड्यांत रात्री झोपायचं कुठे? मुंबईत खोलीचं भाडं परवडत नाही, धर्मशाळेत नंबर लागत नाही, मग माणसं फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात. औषधाची पिशवी उशाला, आणि चूल दोन विटांची.

रांगेत आमच्या शेजारी बुलढाण्याकडचं एक जोडपं असायचं. आजारी बाई होती. नवरा फाइलच्या मागच्या पानावर रोज पेनानं एक उभी रेघ मारायचा. सतरा झाले, अठरा झाले. माझी आई त्याला विचारायची, "किती झाले रे?" आणि त्याच्यानंतर आपला आकडा सांगायची. बाविसाव्या लाइटनंतर त्याला गावी जावं लागलं. सोयाबीन काढायला आलं होतं आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. त्याचा मेहुणा आला. पायरीवर बसून नवऱ्यानं त्याला सगळं नीट समजावून दिलं. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुठली गोळी जेवणानंतर, तिला भात मऊ लागतो, वरण पातळ, तिखट अजिबात चालत नाही. मग फाइल उलटी करून रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बावीस झाले. तीन राहिलेत. विसरू नको." मेहुण्यानं पुन्हा मोजल्या. बाई काही बोलली नाही, फक्त नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरून बसली होती.

म्हणून मी सरांना पंचवीस सांगितलं.

पंचवीस मिनिटं. अठरा जोड्या. प्रत्येक जोडीनं पाचशे रुपये द्यायचे आणि दहा किलोचं तांदळाचं पोतं आणायचं. ही तांदळाची कल्पना अण्णांची. सर वाळूच्या पिशव्या मागवणार होते. अण्णा म्हणाले, "वाळू कशाला वाहायची? ज्याचा भात होईल ते वाहू की." सगळ्यांना एकदम पटलं. मला तर आजही वाटतं की त्या सबंध बेतातला सगळ्यात मोलाचा विचार तोच होता.

फेरी साधी होती. दहा बैठका, आठ जोर, आणि लाकडी खोक्यावर सहा वेळा चढ-उतार. ज्यांना जमिनीवर जोर जमत नाहीत त्यांनी बाकावर हात टेकायचे. अण्णांनी बैठकाही खुर्चीला टेकेपर्यंतच मारायच्या, असं सरांनी बजावलं होतं. एक जण फेऱ्या करत राहणार, दुसरा पोतं घेऊन गल्लीला वळसा घालून येणार, साधारण दोनशे मीटरचा. जोड्या सरांनीच लावल्या, आणि मुद्दाम असमान लावल्या. कॉलेजच्या पोराबरोबर त्याची आत्या, बँकेतल्या दादांबरोबर रोज शंभर जोर मारणारी मुलगी. कुणी कुणाला हरवायचं नाही, एवढाच नियम. आधीच्या आठवड्यात ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांना डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं होतं. दारात ओआरएसची बादली होती.

शिट्टी वाजली. पहिला वळसा माझा.

पोतं खांद्यावर घेतलं की पहिल्या पन्नास पावलांत काही वाटत नाही. मग तांदूळ सरकायला लागतो. तो वाळूसारखा एका जागी बसत नाही. पाऊल पडलं की दाणे आत पुढे येतात, दुसऱ्या पावलाला मागे जातात, आणि पोतं मानेवरून हळूहळू पाठीकडे घसरतं. गोणपाटाचे धागे मानेला खरखर घासतात. कानाशी सतत बारीक सरसर चालू असते. वळणावर मी पोतं छातीशी घेतलं, लहान मूल धरतात तसं, तेव्हा जरा बरं गेलं. परत आले तर अण्णा खुर्चीसमोर घामाघूम. मी पोतं त्यांच्या हातात दिलं आणि खाली वाकले, पण ते हलेनात.

"अण्णा, जा ना!"

"आकडा घे आधी. दुसरी फेरी, बैठका सहा झाल्या. सातवी तुझी." आणि मग गेले.

पुढच्या खेपेला मी घाईत पोतं उचलून पळाले, तर त्यांनी मागून हाक मारून थांबवलं. "पोरी, आकडा सांगून जायचं. गिरणीत पाळी सुटली की आम्ही साचा तसाच सोडून जात नव्हतो. कुठला धागा सारखा तुटतोय ते पुढच्याला सांगूनच गेटबाहेर पडायचो."

त्यानंतर आमचं ते चालूच राहिलं. चौथी फेरी, जोर तीन. सहावी, खोकं पाच. दम लागला की शब्द कमी होत गेले, शेवटी नुसते आकडे राहिले. आजूबाजूला सतरा जोड्यांचं तेच चाललेलं, सगळ्या हॉलभर आकडेच आकडे. पंधराव्या मिनिटाला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. अण्णा धावत नव्हतेच, ते चालत होते, एका लयीत, हमाल चालतात तसे गुडघे जरा वाकवून. त्यांच्या वळशाला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणजे तेवढ्या जास्त बैठका माझ्या वाट्याला. पहिल्यांदा मला ते जड गेलं. मग दारातून ते वळणावर दिसायचे, एक हात पोत्यावर, दुसरा कमरेवर, आणि माझी पुढची बैठक आपोआप व्हायची.

विसाव्या मिनिटाला लक्षात आलं की आमच्या पोत्याच्या कोपऱ्याची शिवण सुटली आहे. गल्लीत वळशाभर दाणे सांडत होते. कबुतरं उतरली होती. अण्णांनी गळ्यातला पंचा काढून कोपरा बांधला आणि पुन्हा निघाले.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमच्या तेरा फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या, आणि चौदाव्या फेरीतल्या दहा बैठका आणि पाच जोर. फेरीला चोवीस, म्हणजे एकूण ३२७. कोपऱ्यावरच्या वाण्यानं आमच्या जोडीला प्रत्येक आकड्यामागे दोन रुपये कबूल केले होते. त्यानं ६५४ रुपये मोजून दिले, आणि वर सुट्टे नाहीत म्हणून एक साबणाची वडी. इतर जोड्यांनीही अशीच कुणाची ना कुणाची कबुली घेतली होती. सगळे मिळून २६,४०० रुपये झाले. तांदूळ १८० किलो.

हे पैसे आणि तांदूळ कुणाला द्यायचे ते आधीच ठरलं होतं. दादरला गाडगेबाबांच्या नावाची मोठी धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ज्या माणसानं पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या त्याच्याच वाटेनं मुंबईत आणखीही काही लहान धर्मशाळा चालतात. आम्ही गेलो ती अशीच एक लहानशी. नाव सांगू नका, असं तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं आहे, म्हणून सांगत नाही. त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट मागितली, आणि ती मी मुद्दाम इथे सांगते. केमो चालू असलेल्या पेशंटला प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी, लागतात, आणि काढलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात. त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, देणारी माणसं सतत लागतात. आमच्यातल्या चौघांनी पुढच्या आठवड्यात जाऊन त्या दिल्या. व्यायामाच्या दिवशी नाही, वेगळ्या दिवशी, पोटभर खाऊन, आणि दिल्यावर त्या दिवसापुरता जिमला आराम. तुमच्या गावात रक्तपेढी असेल तर तिथे जाऊन एकदा नाव नोंदवून या. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, एवढंच.

आणि तुम्हाला असा व्यायाम तुमच्याकडे करायचा असेल तर जिम नसली तरी चालेल. तालमीचं आवार पुरे, शाळेचं मैदान पुरे. वजन असं घ्या की ते घेऊन चालताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. जे वाहाल ते नंतर कुणाच्या तरी घरात जाईल असं निवडा. आमच्याकडे तांदूळ होता, तुमच्याकडे ज्वारी असेल, गहू असेल. आणि जोड्या लावताना म्हाताऱ्या माणसांना टाळू नका.

सोमवारी संध्याकाळी आम्ही टेम्पोतून पोती घेऊन गेलो. आत दोन मोठ्या पातेल्यांत वरण उकळत होतं, एका बाजूला बिनतिखटाचं वेगळं. स्वयंपाकाच्या मावशींनी वजनकाटा पुढे ओढला आणि एकेक पोतं ठेवून वहीत लिहायला लागल्या. दहा, दहा, दहा. आमचं पोतं आलं, कोपऱ्याला अजून अण्णांचा पंचा बांधलेला. काटा नऊ किलो साडेसातशेवर थांबला. मावशी म्हणाल्या, "राहू दे हो, तेवढ्यानं काय होतंय," आणि दहा लिहायला लागल्या. अण्णांनी त्यांना थांबवलं. जे आहे तेच लिहा म्हणाले.

मंगळवारी सकाळी अण्णा वाण्याकडून पाव किलो तांदूळ कागदाच्या पुडीत बांधून घेऊन एकटेच बसनं त्या धर्मशाळेत गेले.