तुमच्या वतीने सही कोण करणार?

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मित्राला काही वर्षांपूर्वी पहाटे अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली, आणि समोर धरलेल्या कागदात काय लिहिलंय हे त्याला उमजेनासं झालं. घराचं भाडं, विजेचं बिल, विम्याचा हप्ता, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर असलेल्या खात्यातून जायचं. त्याची बायको बँकेत गेली, ती रिकाम्या हाताने गेली नव्हती. तिच्याकडे मुखत्यारपत्र होतं. मायदेशी केलेलं, शिक्का असलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं. मी तिच्यासोबत होतो. बँकेतल्या बाईंनी ते नीट वाचलं, आत जाऊन वरिष्ठांना दाखवलं आणि दोन वाक्यं बोलून परत दिलं. पहिलं वाक्य: हा कागद इथल्या कायद्याच्या नमुन्यात नाही, त्यामुळे आम्हाला तो चालणार नाही. दुसरं: चालला असता तरी तुमचे पती आता स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाहीत, म्हणजे हा कागद संपला.

"ते निर्णय घेऊ शकत नाहीत म्हणूनच तर मी आलेय ना?" ती म्हणाली. तिचं ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे. आज जे काही सांगणार आहे ते त्या दोन नकारांबद्दलच आहे.

दुसरा नकार आधी घेतो, कारण तो कोणालाच पटत नाही. आपल्या जुन्या दस्तांत एक वाक्य असतं: "हे मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे." त्यातला "अक्कलहुशारीने" हा शब्द नुसता शोभेचा नाही. इंग्लिश कायद्याच्या परंपरेतल्या देशांत साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या समजेवर उभं असतं. मी तुला अधिकार दिला, कारण मला तो कधीही काढून घेता येतो. काढून घेण्याइतकी समज माझ्यात उरली नाही, की दिलेला अधिकारही उरत नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर यात तर्क आहे. घरात आजारी माणूस असलेल्याच्या बाजूने पाहिलं, तर छत्री नेमकी पावसात मिटली असं वाटतं.

ही अडचण ओळखूनच अनेक देशांनी वेगळ्या प्रकारचं मुखत्यारपत्र आणलं, समज गेल्यावरही टिकणारं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याचा पहिला कायदा १९८५ सालचा. आज तिथे जे चालतं ते २००५ च्या कायद्याखालचं, १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झालेलं. ते दोन वेगळ्या दस्तांत असतं: एक पैसा आणि मालमत्तेसाठी, दुसरं उपचार आणि देखभालीसाठी. नुसती सही करून भागत नाही. सही करणाऱ्याला सगळं समजलंय आणि त्याच्यावर कोणी दबाव आणलेला नाही, असा दाखला एका तिसऱ्या व्यक्तीने द्यावा लागतो, आणि सरकारी कार्यालयात नोंदणी झाल्याशिवाय तो कागद वापरताच येत नाही. फ्रान्समध्ये अशी सोय २००९ पासून आहे, स्वित्झर्लंडमध्ये २०१३ पासून. अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी २००६ चा नमुना कायदा स्वीकारला, तिथे उलटा नियम आहे: कागदात वेगळं लिहिलं नसेल, तर मुखत्यारपत्र समज गेल्यावरही चालूच राहतं. भारतात मात्र १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अधिकार देणाऱ्याचं मन अस्थिर झालं की मुखत्यारी संपते, अपवाद फार थोडे. एकाच शब्दाची प्रत्येक देशात अशी वेगळी गत. म्हणून विचारायचं ते एवढंच: माझी समज गेली तर हा कागद इथे चालेल का? वकिलाच्या पुढ्यात बसल्यावर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा.

आता पहिला नकार. हा खास परक्या माणसाच्या वाट्याला येतो. जिथे जन्मलो तिथेच राहणाऱ्याचं घर, बँक, डॉक्टर, न्यायालय सगळं एकाच कायद्याखाली असतं. आपण राहतो एका देशात, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा, आणि कधी कधी जमीन किंवा फ्लॅट तिसरीकडे. मुखत्यारपत्राला कोणता कायदा लागू, याचं उत्तर प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने देतो. प्रौढांच्या संरक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार हेग इथे १३ जानेवारी २००० रोजी झाला आणि २००९ मध्ये अमलात आला. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड त्यात आहेत. समज गेल्यावर वापरायच्या मुखत्यारपत्राला, दस्त करताना तुम्ही जिथे कायम राहत होता तिथला कायदा लागू, असं तो करार म्हणतो. पण तुम्ही लेखी निवड करून आपल्या राष्ट्रीयत्वाचा, पूर्वी राहत होता त्या देशाचा, किंवा मालमत्तेपुरता मालमत्ता आहे तिथला कायदा लावून घेऊ शकता. त्या एका ओळीच्या निवडीने पुढचे महिने वाचू शकतात. तो अधिकार प्रत्यक्ष वापरायचा कसा, हे मात्र जिथे वापरायचा तिथल्या कायद्यानेच ठरतं. शिवाय जगातले बरेच देश या करारात नाहीत, भारतही नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: जेवढ्या देशांत तुमचं काही अडकलंय, तेवढी वेगळी मुखत्यारपत्रं करा, प्रत्येक तिथल्याच नमुन्यात, तिथल्याच भाषेत. एकाच कागदावर सगळं भागवायला जाऊ नका. आणि नवं करताना एक सांभाळा. "यापूर्वीची सर्व मुखत्यारपत्रं रद्द" असं वाक्य छापील नमुन्यांत सर्रास असतं. ते तसंच राहू दिलंत, तर दुसऱ्या देशातल्या मुखत्यारपत्रावर तुम्ही स्वतःच पाणी सोडाल.

इथे बसून तिथला कागद करायचा असेल, तर रस्ते दोन. एक, त्या देशाच्या वकिलातीत जाऊन. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूत नोटरीचं काम करू शकतो. पण बहुतेक वकिलाती ते आपल्याच नागरिकांसाठी करतात, म्हणून नागरिकत्व बदललं असेल तर आधी फोन करून विचारा. दुसरा रस्ता, राहता तिथल्या नोटरीपुढे सही करायची आणि कागदाला अपोस्टील लावून पाठवायचा.

अपोस्टील हा शब्द ऐकून माणसं बिचकतात. तो एक चौकोनी दाखला असतो, दहा क्रमांकित रकाने असलेला, आणि भाषा कोणतीही असो, त्याचं शीर्षक फ्रेंचमध्येच असतं. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून तो आला. भारत २००५ मध्ये त्या करारात आला, चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी अजूनही जुनी वाट आहे: आधी नोटरी, मग परराष्ट्र खातं, मग वकिलात. आणि वकिलातीने स्वतः केलेल्या दस्ताला हा करार लागूच होत नाही, त्यामुळे त्यावर अपोस्टील मागत फिरू नका.

अपोस्टील एवढंच सांगतं, की ही सही आणि हा शिक्का खरोखर त्या नोटरीचा आहे. आत काय लिहिलंय ते बरोबर आहे, पुरेसं आहे, तिकडे चालेल, यातलं काहीही ते सांगत नाही. माझा स्वतःचा कागद दोनदा परत आला. पहिल्यांदा अपोस्टीलच नव्हतं. दुसऱ्यांदा ते होतं, पण मधल्या काळात माझा पासपोर्ट नवा झाला होता आणि दस्तात जुना क्रमांक राहिला होता. एका क्रमांकासाठी पुन्हा नोटरी, पुन्हा शुल्क, पुन्हा टपाल. तेव्हापासून मी मसुदा आधी तिकडे पाठवतो, ज्या बँकेत किंवा निबंधकाच्या कार्यालयात तो दाखवायचा तिथून "असाच हवा" हे लेखी घेतो, आणि मगच सही करतो. भाषांतर सगळ्यांत शेवटी करून घ्यायचं, अपोस्टीलसकट, आणि तेही तिकडे मान्य असलेल्या भाषांतरकाराकडून.

नोटरी या शब्दानेही फसायला होतं. अमेरिकेतला नोटरी तुमची ओळख पटवतो, सही डोळ्यांदेखत झाली याची खात्री करतो, बस. फ्रान्स, स्पेन, इटली इथला नोटरी कायद्याचा जाणकार असतो, दस्त स्वतः तयार करतो आणि त्याच्या मजकुराची जबाबदारीही घेतो. म्हणून घराच्या व्यवहारासाठी पहिल्या प्रकारचा कागद दुसऱ्या प्रकारच्या नोटरीपुढे ठेवला, की तो मान हलवतो. त्यात त्याचा आडमुठेपणा नसतो.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचंय. स्थानिक भाषा बाजारहाटापुरती येते म्हणून दस्त समजला असं होत नाही. दुभाषा मागा, दोन रकान्यांत दोन भाषा असलेला दस्त मागा. आणि ज्याला अधिकार देताय त्यालाच दुभाषा म्हणून बसवू नका, तो कितीही जवळचा असला तरी. पुढे कुणी शंका घेतली तर पहिला सवाल तोच येईल.

अधिकार किती द्यायचे? एक फ्लॅट विकायचा असेल तर त्याच फ्लॅटचा, त्याच कामाचा, मुदत घातलेला खास अधिकार द्या. आजारपणासाठीचा अधिकार रुंद लागतो, पण त्यातही बक्षीसपत्र करणं, गहाण ठेवणं, मुखत्याराने स्वतःलाच विकणं यांवर स्पष्ट मनाई लिहिता येते. तुमचं मृत्यूपत्र त्याला करता येत नाही. बहुतेक ठिकाणी तुमच्या मृत्यूबरोबर त्याचा अधिकारही संपतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

राहिला माणूस. दूरच्या भावावर जीव असला तरी बँकेच्या दारात उभं राहायला तो इथे नसतो. इथला मित्र जवळ असतो, पण तोही आपल्यासारखाच परका. नोकरी बदलली, परवाना संपला, की तो निघून जातो. म्हणून पर्यायी मुखत्याराचं नाव त्याच दस्तात घाला. दोघे नेमणार असाल तर "दोघांनी मिळूनच" आणि "मिळून किंवा स्वतंत्रपणे" यांतला फरक ओळखा. पहिल्या प्रकारात एकाने अंग काढून घेतलं की इंग्लंडसारख्या ठिकाणी सगळा कागदच थांबू शकतो.

रद्द करायचं झालं तर तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी द्या, मुखत्याराला, बँकेला आणि जिथे नोंदणी केली तिथेही. मूळ प्रत परत घ्या. ती त्याच्या हातात राहिली, तर समोरच्या कारकुनाला अधिकार संपल्याचं कुठून कळणार?

आमच्या मित्राच्या बायकोला शेवटी न्यायालयाकडून अधिकार मिळाला. त्याला सात महिने लागले. तोवर भाडं आम्ही चार घरांनी मिळून भरलं. त्याच वर्षी मी माझे दोन्ही कागद केले, राहत्या देशात एक आणि जमीन आहे तिथे एक. इथल्या दस्तात मुखत्यार म्हणून एका जुन्या सहकाऱ्याचं नाव घातलं. गेल्या महिन्यात त्यांची बदली झाली, ते आता दुसऱ्या खंडात आहेत. पर्यायी नाव होतं म्हणून आज काही अडलेलं नाही. पण आता मागे एकच नाव उरलंय, म्हणून येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मी पुन्हा नोटरीकडे जातोय. नवा पासपोर्ट पिशवीत ठेवलाय.

नमस्कार.