शिवणीतली माया

(अंबाजोगाई येथे बचत गटांतील महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

भगिनींनो, लहान मुलांच्या हातशिलाईच्या कपड्यांचा धंदा कसा वाढवावा, हा विषय मला देण्यात आला आहे, आणि किंमत, भांडवल व विक्री या तिन्हींवर मी बोलणार आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, कारण सोळा वर्षांत माझा धंदा जो काही वाढला तो तिच्यामुळेच वाढला, अशी माझी खात्री आहे. ती गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जादा कापड आपण सोडतो त्याला आपल्या कामात माया म्हणतात, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती जेमतेम एक सेंटिमीटर ठेवतात, कारण हजारो नगांमागे तेवढ्यानेही पुष्कळ कापड वाचते. आपण हजारो नग शिवत नाही. म्हणून कारखान्याला जे परवडत नाही तेच आपण गिऱ्हाइकाला द्यावे, असे माझे म्हणणे आहे.

नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, ही आपल्या भागाच्या अभिमानाची गोष्ट आहे. ध्वजाची मापे ठरलेली नऊ आहेत आणि लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ आहे. ते प्रमाण बदलता येत नाही. लेकराचे अंग मात्र कोणत्याच मापात फार दिवस राहत नाही. जन्मताना सुमारे ५० सेंटिमीटर असलेले बाळ वर्षभरात ७५ च्या आसपास पोहोचते, त्यामुळे पहिल्या वर्षात कितीही माया सोडली तरी ती पुरत नाही. तिथे बाजूला बंद बांधायचे, पुढून उघडे झबलेच योग्य, आणि ते बंदही गळ्याजवळ कधी लावू नयेत. वर्षाच्या बाळाचे डोके साधारण ४६ सेंटिमीटर घेराचे असते, तेव्हा न ताणणाऱ्या सुती कापडात खांद्यावर उघडणारी बटणपट्टी ठेवली नाही तर कपडा डोक्यातून उतरवताना लेकरू रडते, आणि रडवणारा कपडा आई पुन्हा विकत घेत नाही.

तिसऱ्या वर्षानंतर वाढ मंदावते आणि वर्षाला साधारण ६ सेंटिमीटरवर येते. फ्रॉकची लांबी उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक धरली, तर फ्रॉक वर्षाला तीन-साडेतीन सेंटिमीटरने तोकडा पडतो. घेरात दोन सेंटिमीटर खोलीचा एक आडवा टक, म्हणजे कापड दुमडून घातलेली शिवण, घातला की चार सेंटिमीटर कापड त्यात सामावते. असे दोन टक घातले की तो फ्रॉक दोन वर्षे अंगावर राहतो. जुन्या बायका ‘वाढत्या अंगाचे शिव’ म्हणत, ते हेच. फरक इतकाच की त्या कपडा ढगळ शिवत आणि आपण तो आज नीट बसेल असा शिवून वाढ आत दडवून ठेवतो.

मी प्रत्येक फ्रॉकसोबत सांगते की टक उसवून देण्याचे पैसे घेणार नाही. पहिल्याच वर्षी केज तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजीबाई नातीला घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “बाई, लेकरू वाढलं, आता तुमचा झगा बी वाढवा की!” मी टक उसवून दिला, तोवर त्यांनी सोबत आलेल्या सुनेसाठी बाळंतविडा सांगितला आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या जावेची दोन कामे आली. वीस मिनिटांचे ते काम मी कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे मानते. त्यात एक अडचण मात्र येते: टकाच्या आतले कापड कोरे राहते आणि बाहेरचे उन्हाने, धुण्याने विटते, त्यामुळे उसवल्यावर पट्टा उठून दिसतो. म्हणून कापड बेतण्यापूर्वी रात्रभर भिजत घालून वाळवावे, फिके रंग निवडावेत आणि जुन्या शिवणीच्या खुणेवर धावदोऱ्याची रंगीत ओळ घालावी. भिजवल्याने कापड आधीच आटून घेते, हा दुसरा लाभ. सुती कापड शेकडा पाच आटले तर ५० सेंटिमीटरचा फ्रॉक अडीच सेंटिमीटरने कमी होतो, म्हणजे सोडलेली माया पहिल्या धुण्यातच जाते.

आता मला जे सोसावे लागले ते सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकींवर तीच वेळ आलेली आहे. एका दिवाळीत जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या दुकानाने माझ्याकडून साठ फ्रॉक जांगड नेले. विकले तेवढ्याचे पैसे, उरलेले परत, असे तोंडी ठरले. मी आणि माझ्या दोन सोबतिणींनी नवरात्रापासून रात्री जागून ते शिवले होते. पाडवा गेला, तुळशीचे लग्न झाले, तरी निरोप नाही. मी स्वतः एसटीने गेले तेव्हा एकेचाळीस फ्रॉक गठ्ठा बांधून माझ्यापुढे ठेवण्यात आले. घरी येऊन गठ्ठा सोडला तर बावीस फ्रॉकचे टक उसवलेले होते. मोठ्या मुलीसाठी गिऱ्हाइकाने विचारले की तिथला पोऱ्या टक उसवून तोच फ्रॉक मोठ्या मापाचा म्हणून दाखवत असे, आणि विकला गेला नाही की सुईच्या भोकांसह तसाच घडी करून ठेवत असे. ज्या गोष्टीसाठी मी धंदा मांडला होता, तीच माझ्यापुढे अशी उसवून पडली होती. विकलेल्या एकोणीस नगांचे पैसे सात महिन्यांत तुकड्या-तुकड्यांनी मिळाले. त्या बावीस फ्रॉकवर आम्ही तिघींनी नव्याने धावदोरा घातला आणि ते आठवडी बाजारात विकले.

त्यानंतर मी कायदा विचारून घेतला. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या २४ व्या कलमानुसार, पसंतीवर दिलेला माल परत करण्याची मुदत ठरलेली असेल आणि त्या मुदतीत नकार कळवला नाही, तर तो विकला गेला असे धरले जाते. म्हणून जांगड द्यायचेच असेल तर चिठ्ठीवर नगांची संख्या, दर, परतीची तारीख आणि दुकानदाराची सही हवी. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, तीही करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे देण्यास ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठरवता येत नाही, आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगते. किंमत लावताना कापड, दोरा, बटणे आणि शिवणाऱ्या हाताचे तास धरावेत, ते हात आपले स्वतःचे असले तरी; शिवाय टक उसवून देण्याची वीस मिनिटेही आधीच किमतीत धरावीत, नाहीतर पुढच्या वर्षी ती सेवा ओझे वाटू लागते. काम वाढले की शिवणे नगावर वाटून द्यावे, परंतु बेतणे एकाच हाती ठेवावे, कारण माया कात्रीच्या वेळीच ठरते. नमुने चार-पाचच ठेवावेत. भांडवलासाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज मिळते, मात्र एका कुटुंबातून एकालाच. विक्रीसाठी मोठ्या दुकानापेक्षा जिथे आजी-आई पुन्हा येऊ शकेल अशी जागा धरावी, मग ती बाजारातली असो की घराची ओसरी.

एक ते सहा वर्षांच्या मापांची पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, मी आणली आहेत आणि ती बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. मायेच्या रेषा लाल पेन्सिलीने आखल्या आहेत. ज्यांना हवे त्यांनी आपल्या कागदावर उतरवून घ्यावे, आणि काही विचारायचे असेल तर मी शेवटच्या गाडीपर्यंत इथेच आहे.