एकच डोळा, फुलायचं की पसरायचं?

नमस्कार मंडळी, आज स्ट्रॉबेरीच्या डोळ्याबद्दल बोलायचंय, डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यात बारीकसा कोंब असतो ना, तो. या डोळ्यापुढे दोन वाटा असतात, एक तर तो लांब सुटून रनर होतो, जमिनीवरून सरपटत जातो आणि टोकाला मुळं धरून अगदी आईसारखंच रोप तयार करतो, नाहीतर आखूड राहून फुटवा होतो आणि त्या फुटव्याच्या शेंड्याला फुलं येतात. दोन्ही नाही होत, रनर झाला की तो डोळा फुलांच्या हिशोबातून गेलाच.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण फुलं कमी आली की आपण लगेच खत कमी पडलं म्हणतो, पण खतपाणी भरपूर असलं तरी डोळे मोजकेच असतात आणि तेच वाटून घ्यावे लागतात. दिवस मोठे, हवा उबदार, तर बऱ्याच जाती रनर सोडतात, दिवस लहान झाले गारवा आला की फुलांकडे वळतात. यात जिबरेलिन या हार्मोनचा मोठा हात असतो. रानटी स्ट्रॉबेरीच्या काही जाती रनर सोडतच नाहीत, तर 2017 साली दाखवून दिलं गेलं की त्यांच्यात जिबरेलिन बनवायला लागणारा एक जीन बिघडलेला आहे, त्यामुळे डोळे फुटव्यांकडे वळतात. म्हणूनच फळं हवी असली की माळी रनर दिसताच छाटतात आणि रोपं हवी असली की फुलं खुडतात.

बटाट्यात भांडण अन्नाचं असतं. खाली बटाटे पोसायचे की वर फुलं-फळं धरायची? नवीन वाण तयार करणाऱ्यांना बी लागतं, मग ते काय करतात, रोप विटेवर लावतात, मुळं विटेवरून खाली मातीत जातात आणि बटाटे वरच राहतात, ते काढून टाकता येतात. साखर खाली जायची बंद झाली की फुलं टिकतात, बी धरतं. मला तरी ही युक्ती विलक्षण वाटते.

आता फायद्याचं कशात आहे? रनरच्या पिल्लाला आईकडून अन्नपाणी मिळत राहतं त्यामुळे ते सहसा जगतं, पण जवळच राहतं आणि आईचा व्हायरसही सोबत घेऊन जातं. बी लांब जातं, त्यात नवी सरमिसळ असते, बहुतेक व्हायरस बियांतून पुढे जात नाहीत, पण बहुतेक बिया मरतात. आणि एक अडचण सहज लक्षात येत नाही, झाड खूप पसरलं की शेजारची सगळी फुलंही त्याचीच, म्हणजे ज्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही तिथे फुलं ढीगभर आणि बी जवळपास नाहीच. पसरण्यानेच बियांची वाट अडते.

अमेरिकेत युटा राज्यात पांडो नावाचं अ‍ॅस्पेन या झाडाचं रान आहे, साधारण 43 हेक्टर, अंदाजे 47,000 खोडं, पण सगळी एकाच मुळांच्या जाळ्यातून उगवलेली, म्हणजे ते सगळं मिळून एकच नर झाड. उत्तर अमेरिकेतच डेकोडॉन नावाचं पाणथळ जागेतलं झुडूप आहे, त्याच्या फांद्या वाकून पाण्याला टेकल्या की टोकाला मुळं फुटतात. दक्षिणेकडे ते बीही धरतं, पण उत्तरेच्या थंड टोकाला बऱ्याच ठिकाणी ते वांझ झालंय. तिथे बियांचा उपयोगच इतका कमी की फुलांच्या यंत्रणेत बिघाड झाला तरी झुडपाचं काही अडत नाही, आणि बिघाड पुढच्या प्रत्येक फांदीत तसाच जातो.

लसणाचंही जवळपास असंच झालंय. पिढ्यानपिढ्या पाकळ्या लावून लागवड झाली, फुलांच्या गेंदात फुलांबरोबर बारीक कुड्या, म्हणजे पाकळीसारखे इवलेसे कंद वाढतात आणि त्या फुलांना दाबून टाकतात. पण मध्य आशियात अजून फुलू शकणारे लसूण सापडले आणि 1980 च्या दशकात संशोधकांनी गेंदातल्या कुड्या काढून टाकल्यावर फुलं टिकली, खरं बी मिळालं. त्या बियांपासून आलेली रोपं एकमेकांसारखी नव्हती, आकार वेगळे, रंग वेगळे, पिकायचा काळही वेगळा.