गेट बंद, बॉनेट उघडं

(दृश्य: पाऊस. मोहर्लीचं बंद फाटक. काही क्षण फक्त पत्र्यावरच्या पावसाचा आवाज. मग निवेदन.)

1 जुलैला ताडोबाच्या कोअरचं, म्हणजे गाभ्यातल्या जंगलाचं फाटक बंद होतं, ते उघडतं 1 ऑक्टोबरला. भोवतालच्या बफर जंगलातल्या फेऱ्या तुरळक चालू असतात, पण गर्दी ओसरलेली असते. वाघ बघायला येणाऱ्यांच्या लेखी हे तीन महिने रिकामे. मोहर्लीतल्या सफारीच्या जिप्सीवाल्यांना मात्र याच दिवसांत सवड मिळते. धानाची रोवणी उरकली की अंगणातल्या गाडीची चाकं निघतात.

आपण आलोय ते अशाच एका अंगणात. मालकांना सगळं गाव 'भाऊ' म्हणतं, आपणही तेच म्हणू. नाव सांगू नका, असं त्यांनीच बजावलंय. "नाव टाकलं, त साऱ्या गावाच्या गाड्या माह्याच अंगनात येतीन."

(दृश्य: पत्र्याच्या शेडमध्ये हिरवी जिप्सी. पुढची दोन्ही चाकं काढलेली. चॅसिसखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, लाकडी ओंडके.)

मारुती जिप्सी बाजारात आली 1985 च्या डिसेंबरात. इंजिन होतं 970 सीसीचं. 1996 मध्ये 1298 सीसीचं आलं, 2000 मध्ये कार्ब्युरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारी इंजेक्शन यंत्रणा, आली. 2019 मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी मिळणं थांबलं. म्हणजे आज जंगलात पळणारी प्रत्येक जिप्सी जुनीच आहे, आणि दर वर्षी आणखी जुनी होतेय. भाऊंची गाडी एमपीएफआय, आणि त्यांच्याकडे येण्याआधी ती दोन मालकांनी वापरलेली. मागच्या चढत्या बाकड्यांवर सहा पर्यटक, पुढे गाईड आणि स्वतः भाऊ. एवढं वजन चार कमानींवर तोलत ती सकाळ-दुपार खड्डे आणि धूळ खात हिंडते. मंगळवारी कोअरला सुट्टी असते. तो दिवस ग्रीसचा. बाकी मोठं काम पावसाळ्यापर्यंत ढकललं जातं.

आधी ते ओंडके बघा. भाऊंचा भाचा बारावीत आहे, तो उत्साहाच्या भरात नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायला निघाला होता. भाऊंनी त्याला पायाला धरून मागे ओढलं. जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नाही. मागच्या चाकांना दगड, चॅसिसखाली ओंडके, वर काढलेली चाकं आडवी करून तीही चॅसिसखाली. ओंडका सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. एवढं झाल्यावर भाऊ बंपर धरून गाडी जोरात हलवतात. ती हलली नाही तरच पाठ जमिनीला लागते.

(दृश्य: कॅमेरा गाडीखाली. टॉर्चचा उजेड.)

आता आपणही खाली आहोत. हा गिअरबॉक्स. त्याच्या मागे, थोडं अंतर सोडून, रबरी माउंटिंगवर टांगलेली ही दुसरी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस, इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणारी. दोघांना जोडणारा एक आखूड शाफ्ट, ट्रान्सफरमधून पुढच्या चाकांकडे एक आणि मागच्या चाकांकडे एक. एकूण तीन प्रोपेलर शाफ्ट, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा चार कपांचा सांधा. गाडी गिअरमधून रिव्हर्सला घेताना खालून 'खट्' असा आवाज आला की पहिला संशय या क्रॉसवर घ्यायचा. शाफ्ट हातात धरून पिळून बघायचा. क्रॉसच्या कपाशी जराही खेळ जाणवला, तर तो क्रॉस गेला. खेळ नसेल तर ग्रीसगन लावायची, आणि क्रॉसच्या चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. तीनच कपांतून आलं तर चौथा कप कोरडा आहे. तिथून पुढे तो किती दिवस टिकेल ते देवाला ठाऊक.

शाफ्ट सोडवायच्या आधी भाऊ दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढतात. बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. गेल्या वर्षी शहरातल्या एका गॅरेजमध्ये ही रेघ कोणी ओढली नव्हती. गाडी परत आली ती थरथरतच. तेव्हापासून हा शाफ्ट दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेला नाही.

आता वर, गिअरच्या दांड्याशेजारच्या दुसऱ्या, आखूड दांड्याकडे येऊ. टू-हायमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हायला पुढचीही जोडली जातात. फोर-लोमध्ये चारही चाकं ओढतात, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. नेमका घोळ होतो तो पुढच्या गोष्टीत. वळणावर पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची छोटा. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त फेऱ्या हव्या असतात. आजच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये हा फरक पचवायला मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) किंवा क्लचसारखी कपलिंग असते. जिप्सीत मधे असं काहीच नाही. फोर-हाय टाकलं की ट्रान्सफर पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकाच दावणीला बांधतं. चिखलात टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नाही. मग ते पीळ शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दात्यांत साठत जातात. स्टीअरिंग जड होतं, कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडते, आणि टू-हायला यायचं म्हटलं तर दांडा निघत नाही. अशा वेळी दांड्याशी कुस्ती खेळू नये. सरळ रेषेत थोडं मागे-पुढे घ्यावं, पीळ सुटला की दांडा आपणहून येतो.

टायरचंही तेच. 205/70 आर 15 या टायरचा घेर साधारण 2.1 मीटर, म्हणजे किलोमीटरला 476 च्या आसपास फेऱ्या. पुढची जोडी 5 मिलिमीटर घासलेली आणि मागची कोरी असेल, तर पुढच्या चाकांना त्याच किलोमीटरात सातेक फेऱ्या जास्त माराव्या लागतात. फोर-हायमध्ये तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसत राहतो. म्हणून भाऊ टायर जोडीने नाही, चौकडीने बदलतात. पैसे नसतील तर पुढचे मागे आणि मागचे पुढे करत राहतात, पण चारही सारखे घासतील हे बघतात.

(दृश्य: पुढच्या डाव्या चाकाची जागा. चेंडूसारखं गोल लोखंड, त्यावरून ओघळलेलं तपकिरी तेल.)

इथे थोडं थांबू, कारण यंदाचं खरं काम हे आहे. गाडी पन्नासच्या पुढे गेली आणि एखादा खड्डा लागला की स्टीअरिंग दोन्ही हातांत थरथर कापायचं. भाऊंना दोघांनी सांगितलं, अलाइनमेंट करून घ्या. एकाने स्टीअरिंग डँपर बदलायला लावला. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. डँपर थरथर दाबून ठेवतो, बरी करत नाही.

या गोल चेंडूच्या आत चाकाला फिरवणारा जॉइंट असतो, ग्रीसमध्ये बुडवलेला. चेंडूच्या वर आणि खाली एकेक किंगपिन, त्यांना एकेक टेपर बेअरिंग. चाक डावी-उजवीकडे वळतं ते या दोन बेअरिंगांवर. ओघळलेल्या तेलात भाऊ बोट बुडवतात, दोन बोटांत चोळून बघतात. घट्ट काळं ग्रीस असतं तर दोष चेंडूवरच्या मोठ्या सीलचा. हे पातळ आहे आणि त्याला गिअर ऑइलचा गंधकासारखा वास आहे. म्हणजे आतलं, ॲक्सलच्या नळीतलं सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल चेंडूत शिरलं आणि त्याने ग्रीसचं पाणी करून टाकलं.

"पाय," म्हणजे पाहा, ते भाच्याला म्हणतात. "हात नको लावू अजून. पयले पाय."

मोबाइलवरच्या व्हिडिओत हे काम दहा मिनिटांत होतं. त्या व्हिडिओंत गंजलेला बोल्ट मला अजून कधी दिसलेला नाही. इथे सीलच्या पट्टीचे बोल्ट आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवून ठेवले होते, तरी पहिलाच निघायला पाऊण तास लागला. दुसऱ्याचं डोकं गोल झालं. भाऊंनी छिन्नीने त्याला कड पाडली आणि हातोडीने हळूहळू फिरवला. या वेळात वहिनींनी दोनदा चहा आणला आणि 'अजून एकच का?' असंही विचारून गेल्या.

खालचं बेअरिंग बाहेर आल्यावर दुखणं दिसलं. बेअरिंगच्या बाहेरच्या कडीत, आतल्या अंगाला, एकसारख्या अंतरावर बारीक चरे पडलेत. नखाने चाचपलं तरी लागतात. चाकाचं बेअरिंग पूर्ण गोल फिरतं. हे मात्र थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे, वर्षानुवर्षं त्याच त्या जागेत हलतं. खड्ड्यांचे सगळे दणके त्याच रेघांवर बसतात. मग सरळ रस्त्यावर रोलर त्या चऱ्यांत विसावतो, एका दणक्याने बाहेर पडतो, आणि स्टीअरिंग नाचायला लागतं. डँपरला यात काय करता येणार?

नवी बेअरिंगं नागपूरहून मागवली. ती नुसती ठोकून बसवली म्हणजे झालं, असं नाही. किंगपिनच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, शिम. शिम काढली की पकड वाढते, घातली की सैल होते. किती घट्ट हे हाताच्या अंदाजाने ठरवलं तर फसतं. भाऊ घरातून हुकाचा काटा आणतात, इरई नदीचे मासे तोलायचा. मोठं सील अजून बसवलेलं नाही, चाक वळवणारी दांडी, टाय-रॉड, तीही सोडलेली, कारण दोन्हींमुळे वजन चुकीचं येतं. टाय-रॉडच्या भोकात हुक अडकवून काटा सावकाश ओढायचा आणि लोखंड जागचं हलताक्षणी आकडा वाचायचा. एक आणि दोन किलोच्या मधे कुठेतरी तो यायला हवा.

(दृश्य: काटा जवळून. सुई थरथरते.)

पहिल्यांदा आलं पाऊण किलो. एक शिम काढली, आला अडीच. मग जुन्या डब्यातून त्याहून पातळ शिम शोधली. दीड किलो. भाचा हसला, भाऊ हसले नाहीत. त्यांनी तीनदा पुन्हा ओढून बघितलं, मगच सील, ग्रीस आणि उजव्या बाजूचं तेच सगळं पुन्हा.

बाकीची कामं भराभर उरकतात. एअर फिल्टर झटकून नाही, नवा. मे महिन्यातली धूळ झटकून जात नाही. क्राऊन-पिनियनला, म्हणजे डिफरन्शियलमधल्या गिअरच्या जोडीला, भाऊ हात लावत नाहीत. त्या दात्यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते, तिला डायल गेज हवा आणि बसलेला हात हवा. तेवढं काम चंद्रपूरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जातं. आपल्याला काय येत नाही हे नीट माहीत असलेला माणूस मला या गावात पानेवाल्यांमध्ये पहिल्यांदा भेटला.

तेलाचं मात्र एक सांगायला हवं. डिफरन्शियलच्या हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या पेटीचा, खालचा प्लग उघडायच्या आधी भरायचा वरचा प्लग उघडायचा. वरचा गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल, तर गाडी अंगणातच बसली. पुढच्या डिफरन्शियलला साधारण दोन लिटर, मागच्याला दीड, ट्रान्सफरला जेमतेम पाऊण. मागच्या हाउसिंगमधून निघालेलं तेल काळं नाही, चहात जास्त दूध पडावं तसं आहे. पाणी शिरलंय. हाउसिंगवर बोटभर उंचीचा ब्रीदर असतो, आतली हवा आत-बाहेर होऊ देणारा. तो मातीने बुजला होता. तापलेलं हाउसिंग नाल्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा आखडते, आणि ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. ब्रीदर साफ करायला तार आणि दोन मिनिटं लागतात. भाऊ कपाळावर हात मारतात. हे त्यांच्याकडून राहिलं होतं.

(दृश्य: पाऊस थांबलेला. गावाबाहेरची मातीची वाट. गाडीतून.)

चाचणीला भाऊ रेडिओ लावत नाहीत, बोलत नाहीत. जंगलात चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, ऐकायला इंजिन बंद करून बसतात, तसेच आता बसलेत. फक्त इंजिन चालू आहे. चाळीस. पन्नास. पुढे खड्डा आहे, तो ते मुद्दाम चुकवत नाहीत. स्टीअरिंग एकदा हिसका देतं आणि सरळ होतं. वाटेवर चिखल लागल्यावर ते फोर-हाय टाकतात, पावएक किलोमीटर जातात, परत टू-हायला येतात. महिन्यातून एकदा एवढं तरी करायचं, नाहीतर पुढच्या भागातलं तेल बसून राहतं आणि सीलं सुकतात.

"गाडी सांगते जी सारं," ते परतताना म्हणतात. "आपनच आइकत नाई."

रात्री शेडमध्ये गाडीखाली एक जुना पुठ्ठा पसरला जातो. सकाळी आम्ही सहाला पोचलो, तर भाऊ आधीच गुडघ्यावर बसलेले. पुढच्या दोन्ही चाकांखाली पुठ्ठा कोरडा. मागे, ट्रान्सफरच्या बरोबर खाली, रुपयाएवढा एक डाग. त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"मामा, काय होय?"

"गिअर ऑइल." ते उठले, आणि पान्यांच्या पेटीकडे वळले.